वळख्याला लाजता येत नाही

आधी काकूंचं सांगतो, मग राक्षसाचं. भोरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत काकूंची खानावळ होती. पाच पाट, एक लांब बाक, आणि भिंतीला टेकवलेली एक पितळी परात. परातीला मधोमध भोक होतं, पण ती काकूंच्या माहेराहून, कामथडीहून आलेली, म्हणून टाकायची नव्हती. मी त्या खानावळीत अकरा वर्षं जेवलो. काकू नसत्या तर पहिल्याच वर्षी ट्रंक डोक्यावर घेऊन वाशीमच्या वाटेला लागलो असतो. पुढं जे काही सांगणार आहे त्यात अक्कल चालवलेली दिसेल तिथं ती काकूंची समजावी. माती खाल्लेली दिसेल तिथं मी आहेच.

काकूंचं नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. त्यांनी तीसेक वर्षं एका माणसाचं नाव जिभेवर येऊ दिलं नाही. आपणही त्यांचं एक राखावं.

मी वऱ्हाडातला. शाळा सहावीत सोडली. का सोडली ते प्रत्येकाला वेगळं सांगत आलो. कुणाला गुरांचं कारण सांगितलं, कुणाला आईच्या आजारपणाचं. खरी गोष्ट एवढीच की गणिताचे मास्तर एकदा म्हणाले, "उद्या नाही आलास तरी चालेल," आणि मी ते मनावर घेतलं. मावसभाऊ रस्त्याच्या कामावर भोरला होता. त्यानं बोलावून घेतलं, एका छापखान्यात चिकटवून दिलं, आणि दोन महिन्यांत त्याची बदली झाली. तो गेला, मी राहिलो.

छापखान्यात मी जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. सरळ वाचताना मी जन्मभर अडखळलो, पण उलटं वाचणं पंधरा दिवसांत आलं. मास्तरांना हे कळवावं असं फार वाटायचं.

घरी पत्र टाकलं होतं की पुण्यात पुस्तकांच्या कामावर आहे. पुणे जिल्हा म्हणजे पुणेच, आणि लग्नपत्रिका म्हणजे पातळ पुस्तकच, असं माझं म्हणणं. वडिलांनी ते पारावर जाऊन सगळ्या गावाला सांगितलं. आता मी परत गेलो असतो तर पारावरचा एक माणूस खोटा पडला असता, आणि तो माझा बाप होता. या एका भीतीवर मी दिवस काढत होतो. मालकांनी नुसतं खाकरलं तरी वाटायचं, आता सांगणार, चल बांध बोचकं.

मालक वेल्ह्याकडचे. उंच, चष्मा कायम कपाळावर, आणि तो कुठं गेला म्हणून शोधायचं काम कायम आमच्यावर. छापखान्यात आम्ही दोघं जुळारी. थोरले भोंगवलीचे, त्यांना सगळे फोरमनदादा म्हणत. लग्नसराई संपली की काम दीड माणसाचं उरे. त्यातला अर्धा मी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात मालकांचा परदेशी नोकरी करणारा भाचा सुट्टीला आला आणि एक खोकं ठेवून गेला. खोक्यात इंग्रजी पुस्तिका होत्या, चौकटींचे कागद होते, आणि वीस बाजूंचा एक फासा होता. फोरमनदादांनी तो फासा बोटांत फिरवून बघितला आणि परत ठेवला. "ह्यो टाकला की थांबतच न्हाई," म्हणाले. "असल्या वस्तूवर इस्वास ठेवू ने."

मालकांनी चार दिवस डिक्शनरी घेऊन त्या पुस्तिका वाचल्या. जे कळलं ते आम्हाला सांगितलं, जे कळलं नाही तेही सांगितलं.

"एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायची. कोण लढवय्या, कोण वैद्य, कोण चोर. फाशात पडंल तसं पुढं जायचं. वाटंत राक्षस."

"म्हंजे भावला-भावलीचं लगीन," फोरमनदादा म्हणाले. "पण मोठ्या माणसांचं."

"व्हय. आणि हे आपण मराठीत काढायचं. पट आपल्या खोऱ्याचा. खाली नीरा, वर गड, मध्ये रान. फाशाऐवजी कवड्या. महाशिवरात्रीला नसरापूरच्या बाजूला जत्रा भरती, तिथं मांडायचं." मालकांनी मग कामं वाटली. पट त्यांचा. नियम फोरमनदादांचे, कारण गावच्या विहाराच्या कमिटीचे नियम त्यांनीच लिहिले होते आणि ते अजून कुणाला मोडता आले नव्हते. मग माझ्याकडं बघितलं. "राक्षस तू कर. तुमच्या वऱ्हाडात भुतं लई असत्यात म्हनं."

मी कधी एकही बघितलेलं नव्हतं. पण "काहून बा?" असं विचारायची हिंमत झाली नाही.

फोरमनदादा म्हणाले, "मालक, आमच्या घरानं भुतंखेतं सोडली त्याला वीस वर्सं झाली. आता परत घरात घ्यायची न्हाईत."

"घरात नको, खोक्यात ठेवू."

"खोक्यात नियमानं ऱ्हाणार असंल तर माझी हरकत न्हाई."

मालक मग चष्मा शोधत शोधत म्हणाले, "खेळ जमला तर दोन जुळारी लागतील. न्हाई जमला तर एक पुरं." त्यांनी कुणाकडं बघून म्हटलं नाही. पण फोरमनदादांना तीन मुलं होती आणि जोडाक्षरं सगळी येत होती. कुठला एक उरणार ते कळायला गणित लागत नव्हतं.

मी राक्षस करायला बसलो. पहिला सात डोक्यांचा केला. फोरमनदादांनी विचारलं, "सात तोंडं. एका डावात कुठलं चावणार? ते आधी ठरव." ते मला ठरवता आलं नाही. दुसरा नाकातून जाळ काढणारा. मालक म्हणाले, हे गुऱ्हाळाचं चुलवण आहे, याच्याजवळ लोक हात शेकत बसतील. तिसरा अर्धा वाघ, अर्धा रेडा. त्याचं चित्र मी खानावळीत जेवता जेवता काढत होतो. काकूंनी आमटी वाढताना वाकून बघितलं.

"ह्यो माझ्या दिराचा बैल हाय," म्हणाल्या. "गरीब हाय. मारत न्हाई."

चौथा कागद कोराच होता, तेव्हा खानावळीच्या दारात हवालदार उभा राहिला. खाकी टोपी, कमरेला पट्टा, हातात वही. त्यानं वही उघडून मोठ्यानं विचारलं, "हितं परगावचा, बिगरलग्नाचा, कागदावर राक्षस काढणारा इसम कोण?"

मी काहीही केलेलं नव्हतं. पण कुणी मला काही विचारलं की आपण ते केलेलं असणारच असं वाटतं, हा माझा जुना आजार. तोंडात भाकरीचा घास, तसाच मी बाकाखाली गेलो. वरून आवाज येत होता. "त्याच्यावर वारंट निघालंय. परवा उंदीरमामाच्या लग्नाला आला न्हाई. वरात मांजरानं खाल्ली. जबाब द्या." आणि मग हशा.

काकूंनी मला पायानं ढोसलं. "भाईर ये. बहुरूपी हाय त्यो."

मी बाहेर आलो. हवालदार बाकावर बसून पिठलं-भाकरी खात होता. जेवताना त्याच्यात हवालदार काहीही उरला नव्हता.

"पायाकडं बघायचं आधी," काकू म्हणाल्या. "हवालदार टायरच्या वहाणा घालतो व्हय?"

मी त्या माणसाला विचारलं की राक्षसाचं सोंग का घेत नाहीस. तो म्हणाला, "राक्षसाला कोण भितंय? बायका पोरं घिऊन बघाय येत्यात. तलाठी झालो की मातूर दारं लागत्यात. वळखीचं सोंग पायजे."

मी तसाच उठलो, हातही न धुता छापखान्यात गेलो आणि माझा राक्षस एका दमात लिहून काढला. त्याला स्वतःचं रूपच नाही. तो ज्याच्यापुढं येईल त्याच्या घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाचं रूप घेऊन येतो. रानातल्या जाळीतून येतो आणि म्हणतो, चल, घरी जाऊ. जो गेला तो गेला. त्याचं नाव ठेवलं वळख्या.

मालकांना तो फारच आवडला. मुख्य म्हणजे त्याचं चित्र काढायला नको होतं. खेळाच्या पुस्तिकेत राक्षसाच्या जागी रिकामी चौकट छापायची, चित्राचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करायचा खर्च नाही. "अक्कल हाय तुला," मालक म्हणाले. तसं मला याआधी कुणी म्हटलं नव्हतं आणि यानंतर तीन दिवसांनी मालकांनी ते परत घेतलं.

कारण वळख्याला कुठंतरी कच्चा दुवा हवा होता. नाहीतर तो सगळ्यांनाच खाणार. मला लहानपणचं आठवलं, की अवेळी हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, भूत तीनदा हाक मारत नाही. मी ते उलटं केलं. उलटं करायची सवयच होती. फोरमनदादांनी ते नियमात बसवलं, मी खिळ्यात जुळवलं. नियम चौदावा. 'वळख्याने ज्याचे रूप घेतले असेल त्याचे नाव त्याच्या तोंडावर तीन वेळा मोठ्याने घ्यावे. तिसऱ्या हाकेस वळख्या विरघळतो. नाव न घेतल्यास तो गडी मेला. मेलेला गडी परत उठत नाही.' शेवटचं वाक्य फोरमनदादांचं. भुतं सोडलेला माणूस. मेल्यावर कुणी परत आलेलं त्यांना चालत नसे.

खेळून बघायचं ठरलं ते खानावळीत. दुपारची जेवणं उरकली होती. पट बाकावर पसरला. काकू, त्यांच्या धाकट्या जाऊबाई आणि फोरमनदादा खेळायला. मी गोष्ट सांगणारा. मालक हाताची घडी घालून गिऱ्हाइकासारखे उभे. उंबऱ्याजवळ काकूंचे यजमान, आमचे काका, सुपात तांदूळ निवडत बसलेले. मोठ्या मिशा, बोलणं बेताचं.

मालक काकूंना म्हणाले, "तुम्ही राणी व्हा."

"नको. राणीला कोन काम सांगत न्हाई, तिला वाट कुठनं ठावं आसनार? मी वाटाडी हुते."

वाटाडी म्हणून त्यांनी पटावर एक सुपारी ठेवली. जाऊबाई वैदीण झाल्या, त्यांचं हळकुंड. फोरमनदादा तलवारवाले, त्यांनी मथळ्याचा एक लाकडी ठसा ठेवला. कवड्या पडत गेल्या. काकू खरोखरच वाटाड्या निघाल्या. इथं पाणी असंल, हितनं चढ लागंल, ह्या बाजूनं नको, हिकडं निवडुंग हाय, असं पटावर नसलेलंही सांगायला लागल्या. मालकांनी दोनदा मान डोलावली. मला वाटलं, राहतोय आपण भोरात.

गडाखालच्या गुंजवणे गावाच्या वरच्या रानात त्यांची सुपारी आली आणि मी आवाज खोल केला. "करवंदीच्या जाळीमागून एक माणूस आला. डोक्याला मुंडासं, मोठ्या मिशा. बघता तर ते आपले काका. म्हणाले, चल, घरी जाऊ."

उंबऱ्यावरून काकांनी मान वर केली. "मी कुठं चाललोय?"

"तुम्ही नाही काका. तुमच्यासारखा दिसणारा."

"बरं," म्हणून ते परत तांदळाकडं वळले.

"आता काकू," मी म्हटलं, "नाव घ्या तीन वेळा. की मेला राक्षस."

काकूंनी पदर डोक्यावर ओढला. बघितलं सुपारीकडं, मग उंबऱ्याकडं, मग माझ्याकडं.

"कुनाचं?"

"काकांचं."

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. काकू हळूच म्हणाल्या, "अवो."

"अवो हे नाव न्हाई," फोरमनदादा म्हणाले. "नियम चौदावा."

"अवो, अवो, अवो. झालं तीनदा."

"नाव पायजे, वहिनी."

"ह्यांचं नाव मी पोस्टमनलासुद्दा सांगितलं न्हाई. तुमच्या कागदाच्या भुताला सांगू?"

"मग मरावं लागंल."

"मरते की." आणि काकूंनी स्वतःच्या हातानं सुपारी उचलून पटाबाहेर ठेवली. कुणी तांदळातला खडा काढून टाकावा तशी.

मी घाईनं, राक्षसाचं रूप बदलायचंही विसरून, म्हटलं की जाऊबाई अजून आहेत, वळख्या आता त्यांच्याकडं वळला आहे, तेच रूप आहे, त्यांनी नाव घ्यावं. जाऊबाई म्हणाल्या, "थोरल्या भावजींचं? त्यांच्या म्होरं मी अजून पाटावर बसले न्हाई." हळकुंडही मेलं. मग वळख्या फोरमनदादांच्या थोरल्या भावाचं रूप घेऊन आला. दादांनी भावाचं नाव तीनदा खणखणीत घेतलं आणि ते वाचले. पटावर एकटा लाकडी ठसा उरला.

मालकांनी विचारलं, "आता हे एकटं कुठं चाललं?"

"गडावर," दादा म्हणाले.

"भाकरी कोन दिल त्याला?" मालक म्हणाले.

मालक पटाची गुंडाळी करायला लागले. "जत्रंत हातातलं सोडून दुकानापुढं कोन थांबतं? बाया. त्या खेळणार आणि पहिल्याच भुताला समद्या मरणार. तुमच्या वऱ्हाडात बाया नवऱ्याची नावं घेत्यात व्हय रं?"

नाही घेत. हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. लहानपणी माझा मुख्य धंदाच तो. सरकारी खिडकीवर गेलं की कारकून आईला विचारायचा, नवऱ्याचं नाव? आई मला पाठीत बोट टोचून पुढं ढकलायची आणि मी वडिलांचं नाव सांगायचो. गल्लीतल्या आणखी चार बायकाही मला त्यासाठी उसना न्यायच्या. चारही घरच्या कर्त्या पुरुषांची नावं मला पाठ होती. पाढे राहिले ते त्यामुळंच, असं मला अजून वाटतं. आणि तरी राक्षस लिहिताना यातलं एक अक्षर आठवलं नाही. मालक विधुर, फोरमनदादा नियमांत बुडालेले, मी बिनलग्नाचा. तिघा पुरुषांनी मिळून असा राक्षस काढला होता की त्यानं नुसतं नवऱ्याच्या रूपात यावं आणि खोऱ्यातल्या सगळ्या बाया जेवायला न्याव्यात.

"शनवारची गाडी बघून ठेव," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खानावळीत गेलो तो जेवायला नाही, सांगायला. ट्रंक भरून ठेवली होती. पारावर वडील आता काय सांगतील याचा विचार करत रात्र गेली होती. पुस्तकं संपली, असं सांगतील बहुतेक.

काकूंनी ताट ठेवलं. मी नको म्हटलं.

"जेव. मेलेली मी हाय. तू कशाला उपाशी?"

मग त्या समोरच्या पाटावर बसल्या. तसं त्या कधी बसत नसत. "तुझ्या भुताची एक खोड सांगू? नाव घेतल्यानं ते मरल कसं? नाव काय, बाजारात कोनबी घेतं. तालुक्याचा शिपाई घेतो. नाव घेतलं तर ते उलट म्हनंल, व्हय, मीच."

"मग कशानं मरेल?"

"लाजंनं."

मी घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिलो.

"लग्नात नवरी नाव घेती ते बघितलंयस नव्हं? नुसतं घेत न्हाई, उखाण्यात घेती. आणि शहाणी बाई त्या उखाण्यात घरातलं असं काय तरी घालती की ते ऐकून नवरा खाली बघतो. मानूस खरा आसंल तर लाजतो. तुझ्या भुताला मिशा घेता येतील, मुंडासं घेता येईल. लाज कुठनं आननार?"

अकरा वर्षांत त्या एवढं सलग बोललेल्या मला आठवत नाहीत. मी हात धुवायला उठलो तर म्हणाल्या, "आधी ताट पुसून घे. आन मग मालकास्नी हाक मार."

मालक आले, फोरमनदादा आले. मालक दारातच उभे राहिले, म्हणजे बसायचं मन नव्हतं. काका नेहमीच्या जागी, आज सुपात तूरडाळ. काकूंनी पदर नीट केला, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाल्या,

"शिंक्यावरच्या गाडग्यात लपवून ठेवला गूळ,
अमुकरावांच्या मिशीत मुंग्या, तिथंच चोरीचं मूळ."

अमुकरावांच्या जागी काकांचं नाव होतं. पुरतं, मोठ्यानं, तीसेक वर्षांत पहिल्यांदा त्या खानावळीत.

काकांचा हात मिशीकडं गेला. मग कान लाल झाले, मग मान. सूप मांडीवरून घसरलं. ते उठले आणि गोठ्यात बघून येतो म्हणून आत गेले. त्या घराला गोठा नव्हता.

आधी जाऊबाई हसल्या, मग सगळेच. मालक इतके हसले की चष्मा कपाळावरून खाली आला आणि बरोबर नाकावर बसला. "ह्यो खरा मानूस," ते म्हणाले. "भूत असतं तर हिथंच बसलं असतं."

फोरमनदादांनी खिशातून पेन्सिल काढलेली होतीच. नियम चौदावा, दुरुस्ती. 'वळख्या समोर आल्यास त्याने ज्याचे रूप घेतले त्याच्यावर दोन ओळी जुळवून म्हणाव्यात. त्यात घरच्यालाच ठाऊक असे काही असावे. पटाभोवतीची मंडळी हसली तर वळख्या उघडा पडला. न हसल्यास गडी मेला.' मी विचारलं, पुरुषांनीही? दादा म्हणाले, "नियमाला बाई-पुरुष नसतं." आणि आधी स्वतःवरच लावून बघितला. वळख्या त्यांच्या थोरल्या भावाच्या रूपात आला. दादांनी घसा साफ केला.

"खिळ्याला खिळा लावून जुळवली ओळ,
थोरल्या बंधूंना माझा सप्रेम जयभीम."

कुणी हसलं नाही. जयभीमला कोण हसणार? दादांनी आपला ठसा उचलला आणि शांतपणे पटाबाहेर ठेवला. नियम त्यांचाच होता.

मालक जाताना म्हणाले, "शनवारी मशीनवर कोन उभं ऱ्हाणार? दादांना एकट्याला जमायचं न्हाई."

"शनिवारची मी गाडी बघून ठेवलीय," मी म्हटलं. माझा बावळटपणा मला ऐन वेळी कधी दगा देत नाही.

"मग परत बघून ये, गेली का," मालक म्हणाले. राहिलास, हे एवढ्यावरूनच समजून घ्यायचं होतं. मी घेतलं.

जत्रेत खेळ गाजला वगैरे काही नाही. पुरुष रिकामी चौकट बघून म्हणत, राक्षस छापायचा ऱ्हायला की. दोघा जणांनी त्यासाठी पट परतही आणून दिला. पण वेल्ह्याकडच्या डोंगरातून आलेल्या बायकांचा एक घोळका दुकानापुढं पट मांडून बसला तो उठेना. मेंढ्या, सासू, नवऱ्याचं घोरणं, देवाच्या नारळाचा अर्धा भाग कुणी खाल्ला, सगळं दोन दोन ओळींत बाहेर पडत होतं. शेजारचा बत्ताशेवाला सांगायला आला की तुमच्या हशानं माझं गिऱ्हाईक हिकडं पळतंय. गडावर त्यांच्यातली एकही पोचली नाही. कुणाला पोचायचंच नव्हतं.

मालकांना मात्र तिथंच सुचलं. पुढच्या लग्नसराईला आम्ही राक्षस काढून टाकला आणि नुसत्या उखाण्यांची पुस्तिका काढली. ती दर वर्षी काढावी लागली. दोन जुळारी लागले, आणि कधी कधी तिसरा. माझ्या नोकरीचा राक्षस असा गेला. मी पहिली पुस्तिका घरी पाठवली. वडिलांनी ती पारावर नेऊन सगळ्यांना दाखवली, पोराचं पुस्तक म्हणून. वडिलांना वाचता येत नव्हतं आणि आईला येत असतं तर तिनं ती पेटीत लपवली असती, असे उखाणे त्यात होते.

अकरा वर्षांनी मला पुण्यात मोठ्या छापखान्यात काम मिळालं. घरी जे सांगितलं होतं ते एकदाचं खरं झालं.

पण एक राहून गेलं. काकूंची वाटाडी मेली ती मेलेलीच राहिली. जुन्या चौदाव्या नियमाखाली मेली होती, दुरुस्ती नंतरची. मी म्हटलं, काकू, पुन्हा ठेवा की सुपारी, तुमच्यामुळंच नियम बदलला. तर म्हणाल्या, "दादांनी लिवलंय, मेलेला उठत न्हाई. माझ्यासाठी वाकडं करू नका." पुढं सगळी खानावळ खेळली तरी त्या पटाला बसल्या नाहीत. मात्र अधूनमधून भाकरी वाढताना विचारायच्या, "माझी वाटाडी कुठवर आली रं?"

"गुंजवण्याच्या वरच. मेलेली."

"आसू दे. तितनं गड चांगला दिसतो."

भोर सोडताना त्यांनी ती सुपारी माझ्या हातावर ठेवली. खायची नाही, असं बजावून. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. काकू अजून भोरलाच आहेत, फोरमनदादा आता भोंगवलीलाच असतात. दादांना मी पत्र टाकलं आहे की नियम चौदावा, दुसरी दुरुस्ती, अशी काही करता येईल का. त्यांनी उत्तर पाठवलं की कमिटीपुढं ठेवावं लागेल, आणि कमिटीत आता ते एकटेच आहेत, तेव्हा वेळ लागेल.

लागू दे. दुरुस्ती मंजूर झाली की मी पट घेऊन भोरला येईन, काकू. सुपारी जिथं पडली होती तिथंच ठेवीन, कवड्या तुमच्या हातात देईन, आणि तुमची वाटाडी गडाच्या माथ्यावर पोचेपर्यंत बाकावरून उठणार नाही. वाटेत वळख्या आलाच तर या वेळी दोन ओळी मी जुळवीन. त्यात माझ्याच घरातलं, माझंच काहीतरी लाजिरवाणं घालीन. तसा माल माझ्याकडं भरपूर आहे.